पेटीवाले काका आणि त्यांचं पावणं

माझ्या लग्नात स्टेजवर येऊन त्यांनी मला मिठी मारली, आणि ती जरा जास्तच वेळ मारली. आधी दोन्ही खांद्यांवर हात, मग पाठीवरून खाली कमरेपर्यंत, मग एक पाऊल मागं सरून डोक्यापासून बुटांपर्यंत एक सावकाश नजर. मला वाटलं, म्हातारा भरून आला. माझी पाऊण तासापूर्वी झालेली बायकोही कौतुकानं बघत होती. तेवढ्यात ते माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "पाच-आठ. खांदं एकोणीस इंच. जेवणावर ध्यान ठेव, लेका, न्हाईतर फळी जोडाय लागंल."

"काय म्हणाले?" बायकोनं विचारलं.

"आशीर्वाद दिला," मी म्हणालो.

ते पेट्या करायचे. मेलेल्या माणसांच्या. कोल्हापुरात आम्ही ख्रिस्ती लोक थोडे, बहुतेक एकमेकांना नावानिशी ओळखणारे. आमच्यातलं कुणी गेलं की पहिला फोन पाळकसाहेबांना, दुसरा ह्यांना आणि तिसरा मला, कारण मी फ्लेक्स छापतो. आमची दोन्ही दुकानं एका बोळात, एका भिंतीला लागून. भिंतीपलीकडे रंधा सुरू झाला की मी कुणाला न विचारता 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची फाईल उघडून ठेवायचो. वीस वर्षं असा आमचा जोडधंदा चालला. माझ्याकडे निदान वाढदिवसाचे दादा-भाऊ तरी यायचे. त्यांच्याकडे हसत येणारा माणूस मी एकटाच.

अंगानं ते बारके. कानावर पेन्सिल आणि गळ्यात मोजायची टेप, ती चर्चमध्येसुद्धा. रविवारी नवीन माणूस उपासनेला आला की सगळे त्याला 'प्रभू येशूच्या नावानं सलाम' म्हणायचे, आणि हे लांबून डोळे बारीक करून त्याची उंची धरायचे. आमच्या मंडळीतल्या बायका त्यांच्यासमोर उभं राहायला टाळत. एका आत्यांना त्यांनी नुसतं "बरं दिसतासा" म्हटलं, तर त्या लगेच डॉक्टरकडे जाऊन सगळ्या तपासण्या करून आल्या.

पण त्यांची खरी ख्याती दुसरीच होती. आपल्या देहाला ते 'पावणं' म्हणायचे.

आमच्याकडं अनोळखी माणसाला पावणं म्हणायची पद्धत आहेच. ह्यांनी ती स्वतःच्या शरीराला लावली. मी त्यांना एकदा विचारलं, तेव्हा रंधा खाली ठेवून त्यांनी मला नीट समजावलं होतं. "आरं, देह म्हंजे पावणंच की. चार दिवस ऱ्हायला आलंय. त्याला पाट द्यायचा, पाणी द्यायचं, जेवाय घालायचं. अपमान न्हाई करायचा. पर घराची किल्ली त्याच्या हातात द्यायची न्हाई. मालक आत हाय." मालक म्हणजे पवित्र आत्मा. विश्वास धरणाऱ्याच्या आत तो राहायला येतो, त्याच्या सांगण्यानं चालावं, आपल्या हावेच्या सांगण्यानं चालू नये, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं असतं. आम्ही ते ऐकून घरी जातो आणि मटण खातो. त्यांनी ते अंगाला लावून घेतलं.

आणि हे सगळं मोठ्यानं चालायचं, आदरानं. टपरीवर दुसरा चहा घ्यायची इच्छा झाली की, "पावणं, तुमाला कुणी इचारलं?" कुणावर राग आला की, "पावणं, खाली बसा. खाली बसा म्हणतो न्हवं." काकू, म्हणजे त्यांची बायको, होत्या तोवर ह्या पावण्याला आतून उत्तरही मिळायचं. त्यांची राहती खोली दुकानाच्या मागेच होती. ह्यांनी "पावणं, आता पुरे" म्हटलं की स्वयंपाकाच्या ओट्यावरून आवाज यायचा, "पावण्याला म्हणावं, मोकळं असंल तर दळण घिऊन या." मग ते मुकाट्यानं डबा उचलून गिरणीत जायचे. त्यांच्या पावण्याला ताब्यात ठेवणारी दुसरी व्यक्ती म्हणजे काकू. आणि मला कधीकधी वाटायचं, पहिलीसुद्धा.

लग्नाच्या जेवणात त्यांच्याशेजारी बसायला आम्हा तरुण पोरांत मारामारी व्हायची, त्याचं कारण आता सांगायला हरकत नाही. त्यांना तांबडा रस्सा जीव की प्राण. वाढपी आला की वाटी भरून घ्यायचे, आत मटणाचे चांगले चार-पाच नग. मग वाटीकडे टक लावून बघत बसायचे. ओठ हलायचे. कपाळावर घाम यायचा. आत काय युद्ध चालायचं देव जाणे. पण दहापैकी सात वेळा पावणं हरायचं आणि ती वाटी सरकत शेजारच्याच्या ताटाजवळ यायची. मी त्यांच्या आध्यात्मिक विजयांवर कित्येक वर्षं जेवलो आहे.

त्यांना संत समजू नका. लोक सांगतात तसे ते सौम्य वगैरे नव्हते. जीभ तिखट होती, आणि पोटात असूयाही होती. पण ती ते लपवत नसत. बुधवारच्या प्रार्थनासभेत प्रत्येक जण उभा राहून आपल्या अडचणी सांगतो: कुणाचा गुडघा, कुणाची नोकरी. हे एकदा उभे राहिले आणि म्हणाले, "मिरजेच्या पेटीवाल्याची लाकडं पावसात भिजली असं ऐकलं. मला बरं वाटलं. पावणं नाचलं माझं. प्रार्थना करा." पाळकसाहेबांना क्षणभर कळेना की प्रार्थना कुणासाठी करायची.

तेच पाळकसाहेब एकदा आत्म्यानं चालण्यावर उपदेश करत होते. नवीन स्पीकर बसवले होते, त्यामुळे आवाज चांगलाच चढला होता. हे मधल्या बाकावरून उठले आणि म्हणाले, "साहेब, जरा दमानं. आत्मा काय भैरा न्हाई." सगळं चर्च फुटलं. साहेब भले माणूस, त्यांनी स्वतः जाऊन आवाज कमी केला.

एका मोठ्या घरातल्या मुलानं वडिलांसाठी सागवानी पेटी मागितली, पितळी कड्या लावून, आत मखमल. ह्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "कडी कशाला? बाबा उठून भाईर यायचं हाईत व्हय?" मग त्यांनी जी सगळ्यांना करायचे तीच पेटी केली, आंब्याच्या लाकडाची, साधी, कोपरे मात्र असे जुळवलेले की नख शिरू नये. तो मुलगा रागावून सहा महिने चर्चला आला नाही. हे दर रविवारी त्याच्या रिकाम्या जागेकडे बघायचे आणि टेप चाचपायचे.

काकू गेल्या तेव्हा त्यांनी ती तशीच पेटी केली. मी भिंतीपलीकडून रंधा ऐकत होतो. त्या दिवशी पावण्याशी बोलणं ऐकू आलं नाही.

आमचं कब्रस्तान जुनं आणि लहान. काकूंना पुरलं तेव्हा शेजारची जागा ह्यांनी मंडळीच्या पंचांना सांगून स्वतःसाठी ठेवून घेतली. तशी रीतच आहे आमच्यात. नवरा-बायकोनं जवळ जवळ असावं. साडेसहा फूट बाय अडीच फूट, चारी बाजूंनी विटांची कड. दर शनिवारी चार वाजता दुकान बंद करून ते तिथं जायचे. काकूंच्या कबरीवरचं गवत काढायचे, मग त्या रिकाम्या पट्टीतलं काढायचे, आणि मग विटांवर बसून राहायचे. अठरा वर्षं एक शनिवार चुकला नाही.

एकदा मी एका कबरीच्या पाटीचा फोटो घ्यायला गेलो होतो. बघतो तर हे त्या पट्टीत उताणे झोपलेले, हात छातीवर, डोळे उघडे.

"काका! काय करताय?"

"माप बघतोय."

"मग?"

"बसतंय," ते म्हणाले. मरणाच्या कडेला बसलेल्या माणसाचा नव्हे, घरी पोचलेल्या माणसाचा तो आवाज होता. रश्श्याची वाटी सोडणाऱ्या, दुसरा चहा सोडणाऱ्या माणसाला ह्या जगात एवढंच हवं होतं. तिथं ते पावण्याशी कधी बोलले नाहीत.

आता जे सांगायचं आहे ते मी फार वेळा सांगितलेलं नाही.

ईस्टरला आमची पहाटेची उपासना कब्रस्तानात होते. येशू पहाटे कबरीतून उठला, म्हणून. त्याच्या आदल्या आठवड्यात सगळी मंडळी मिळून कबरी धुते, चुना लावते. बायका, माणसं, चहाचं पातेलं, वडे. एखाद्या सहलीसारखं वातावरण असतं. त्या वर्षी मी तिसरा वडा उचलला आणि मागून आवाज आला, "पावणं तुज्या डोस्क्यावर बसलंय, लेका. चार वर्सांत खांदं एकवीस झालं."

सगळे हसले. मलाही उत्तर दिल्याशिवाय राहवेना. लोक जमलेले होते, आणि लोक जमले की मला चढतं. मी वड्याचा हात त्या विटांच्या कडेकडे केला आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "आणि ही जागा कोण मागतंय, काका? आत्मा का पावणं?"

काय हशा पिकला! पाळकसाहेबसुद्धा हसले. एका काकूंच्या हातातून कपबशी निसटली. माझ्या आयुष्यातला तो उत्तम विनोद असावा. वेळ, जागा, माणूस सगळं जमून आलेलं.

ते हसले नाहीत. चुन्याचा ब्रश त्यांच्या हातात तसाच होता आणि चुना त्यांच्या पायाच्या बोटांवर टपटपत होता. मग म्हणाले, "बरोबर हाय." काकूंच्या कबरीला चुना लावून झाला, तेव्हा विटांच्या कडेला लावायचा राहिला होता. तो त्यांनी लावला नाही. बादली उचलून निघून गेले.

त्यानंतरच्या शनिवारी चार वाजले तरी भिंतीपलीकडे करवत चालू होती. त्याच्या पुढच्या शनिवारीही.

मे महिन्यात पाळकसाहेबांना फोन आला. कळंब्याच्या जेलमधला एक कैदी आजारपणात दवाखान्यात वारला होता. मूळचा नेसरीकडचा. शेताच्या बांधावरून सख्ख्या भावाला कुऱ्हाडीनं मारून आत गेलेला. घरच्यांना कळवलं होतं, त्यांनी नको म्हणून सांगितलं. कागदावर धर्माच्या रकान्यात ख्रिस्ती लिहिलेलं. तुम्ही नेता का, एवढंच पोलीस विचारत होते.

चर्चच्या मागच्या खोलीत आम्ही पंच जमलो. मीही पंच होतो. फ्लेक्स छापणारा माणूस सगळ्या समित्यांना हवा असतो. पेटी लागेल म्हणून काकांनाही बोलावलेलं. ते दाराशी स्टुलावर बसले.

"आपल्या मंडळीतला न्हाई, बाप्तिस्म्याचा पत्ता न्हाई," एक पंच म्हणाले. "आनि भावाचा खून केलेला."

"खुनी असला तरी मातीला काय करायचं?" पाळकसाहेब म्हणाले. "उघड्यावर टाकायचा का?"

"पण टाकायचा कुठं, साहेब? जागाच नाही," मी म्हणालो, आणि ते खरं होतं. कब्रस्तान भरलं होतं. शहराबाहेर नवीन जागा मिळणार होती, पण तिच्या कागदावर अजून सही व्हायची होती. राहिल्या होत्या त्या चार-पाच राखीव जागा, आणि त्या कुणाच्या ना कुणाच्या आई-बापांशेजारच्या.

पाळकसाहेबांनी राखीव जागांची वही मिटून बाजूला ठेवली.

"हाय जागा," दारातून आवाज आला.

कुणाला लगेच कळलंच नाही. मला कळलं. मी त्यांच्याकडं बघितलं, तर ते माझ्याकडंच बघत होते. रागानं नव्हे. गणित सोडवून दाखवणारा विद्यार्थी गुरुजींकडे बघतो तसे.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. काका, ती चेष्टा होती, एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण खरं सांगतो, त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. अडचण मिटली होती, आणि घरी जाता येणार होतं. मी म्हणालो, "काकांनी मोठंच मन दाखवलं," आणि सगळ्यांनी माना हलवल्या.

दुसऱ्या दिवशी दफन होतं. त्यांची मुलगी कोडोलीला दवाखान्यात नर्स आहे. ती सकाळी पहिली गाडी धरून आली, ड्यूटीच्या कपड्यांतच. तोवर खड्डा झाला होता. इतका जवळ, की काकूंच्या कबरीची बाजू थोडी ढासळली होती आणि खोदणाऱ्यानं तिथं फळी लावली होती. पेटीवर फुलं नव्हती. आम्ही आठ माणसं, आणि दोन पोलीस लांब झाडाखाली.

ती थेट त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "बाबा, हे खरं आहे?"

"व्हय."

"खुनी माणसाला? आईशेजारी?"

"त्यालाबी कुठंतरी ठेवायचाच की, बाळा."

"आणि तुम्ही?"

"माजं काय. हितनं उठून जायचंच हाय एक दिवस. कुठनं उठलं म्हणून काय झालं?"

"अठरा वर्षं मी तुम्हाला इथं बसलेलं बघतेय," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. नर्सबाईंचा असतो तसा सपाट होता. "तुम्ही आत्म्याला विचारलंत असं सांगाल. मनाला विचारलंत. पंचांना विचारलंत. आईला विचारलंत का?"

सगळ्या गोष्टीत कोण काय मागतंय हे तपासणारा माणूस. पण जागा दोघांची होती, आणि तिथं वाट बघणारं आणखी कुणी होतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. दोर धरलेली माणसं ताटकळली होती. ते मुलीच्या पायांकडे बघत राहिले. शेवटी पाळकसाहेबांनी हळूच खूण केली आणि पेटी खाली गेली. ती मूठभर माती न टाकता निघून गेली.

नव्या जागेच्या कागदावर सही दोन महिन्यांनी झाली.

ही बातमी मीच त्यांना सांगितली. ते फळी तासत होते. "बरं झालं," म्हणाले आणि तासत राहिले. ती फळी त्या दिवशी इतकी पातळ झाली की टाकून द्यावी लागली.

शनिवारी ते पुन्हा कब्रस्तानात जायला लागले, पण बसायला आता जागा नव्हती. काकूंच्या पायथ्याशी उभं राहून परत यायचे. टपरीवर दुसरा चहा घ्यायला लागले. पावण्याला काहीच म्हणायचे नाहीत. मी मुद्दाम चिडवून बघितलं, "काय काका, पावण्याला किल्ली दिली वाटतं?" त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि कप खाली ठेवला, अर्धा भरलेला. त्यानंतर मी तसली चेष्टा केली नाही.

पावसाळा संपता संपता एका दुपारी ते माझ्या दुकानात आले. एरवी भिंतीवर ठोकूनच बोलायचे. स्क्रीनवर कुण्या भाऊंचा वाढदिवस होता, गॉगल लावलेला, मागे वाघ. ते वाघाकडे बघत खुर्चीवर बसले.

"एक इचारू का? चेष्टा करू नगंस."

"विचारा की."

"ती जागा कुणी दिली?"

"म्हणजे? तुम्हीच दिलीत."

"माज्यातल्या कुणी?"

मी म्हणालो, "काका, झालं ते झालं. चांगलंच केलंत तुम्ही."

"चांगलं केलं का वाईट ते न्हाई इचारलं. कुणी केलं ते इचारलं." त्यांनी टेपचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "आत्म्यानं केलं असतं तर शांती आली असती. दर बारीला यायची. रस्सा सोडला तरी यायची, खोटं न्हाई सांगत. ही एवढी मोठी गोष्ट सोडली आनि आली न्हाई. मग मला वाटतंय, पावण्यानंच दिली. तू चारचौघांत बोललास ते त्याला लागलं. ह्याला दावतो, म्हणालं. मोठेपना मिरवायला त्यानं तिच्या शेजारची जागा दिऊन टाकली. आनि मी मालक समजून त्याचं ऐकलं."

मला उत्तर द्यायचं होतं. पाठ असलेली चार वाक्यं होती माझ्याकडं, कुठल्याही उपदेशातली. तेवढ्यात फ्लेक्सवाल्या भाऊंचा फोन आला, आणि मी तो उचलला. वाघ जरा मोठा करा, भाऊ सांगत होते. मी वाघ मोठा करून मागं वळलो, तर खुर्ची रिकामी होती. भिंतीपलीकडं रंधा चालू झाला.

नाताळाच्या आधी ते गेले. थंडी छातीत भरली, चार दिवसांत खेळ आटपला. मुलगी शेवटपर्यंत जवळ होती. दोघांत काय बोलणं झालं ते तिनं कुणाला सांगितलं नाही, आणि मी पहिल्यांदाच कुणाला विचारलं नाही. लोकांना वाटत होतं, अशा माणसानं स्वतःची पेटी माळ्यावर करून ठेवली असेल. मी शिडी लावून बघितलं. माळ्यावर रंध्याचा भुसा आणि काकूंचा दळणाचा डबा होता. पेटी मिरजेहून आणावी लागली, तयार, सहा फुटी, पॉलिश केलेली. त्यांच्या मापाला ती वीतभर मोठी झाली. नेताना आत ते सरकत होते, आणि खांदा देणाऱ्या आम्हा चौघांनी तो आवाज ऐकला.

नव्या जागेतली पहिली कबर त्यांची. मोठं रान, चारी बाजूंनी तार, तारेपलीकडं ऊस.

पुढच्या उन्हाळ्यात पाळकसाहेबांनी एका म्हातारीला माझ्याकडं पाठवलं. नेसरीकडची, हातात शेवंतीचा पुडा, पायात पुरुषी चपला. "अण्णा, जेलातलं माजं पोरगं तुमी पुरलासा म्हनं. दावतासा काय?"

मी तिला जुन्या कब्रस्तानात नेलं. ती कबरीशी बसली, पण रडली नाही. मातीवरून हात फिरवत राहिली. "थोरल्याला ह्यानं मारलं, अण्णा," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "पोलीस फोन करून म्हनालं, न्हेता काय? मीच सांगितलं, नगं म्हनून. मीच. ह्याच्या बापानं न्हाई, वहिनीनं न्हाई. मला वाटलं, कुत्री खाऊंद्यात. त्या दिसापास्नं भाकरी गिळंना झालीया." मग तिनं शेजारच्या कबरीकडे बघितलं. "ही कबर कुनाची?"

मी सांगितलं. जागा कुणाची होती आणि त्या काकांना आता कुठं पुरलंय तेही सांगितलं. इतकी साधी गोष्ट मी इतक्या थोड्या शब्दांत पहिल्यांदाच सांगितली असेन.

नंतर पुड्यातली फुलं तिनं तीन ठिकाणी केली. एक वाटा पोराला, एक काकूंना. तिसरा पदरात बांधला. "त्यांच्याकडं न्या मला."

रिक्षानं आम्ही नव्या जागेत गेलो. तोवर तिथं आणखी पाच-सहा कबरी झाल्या होत्या, पण त्या फाटकाजवळ. काकांची एकटी टोकाला, तारेला लागून. उन्हात चालताना ती दोनदा थांबली. पोचल्यावर तिनं आधी आजूबाजूला बघितलं, डावीकडं, उजवीकडं.

"एकलंच हाईत व्हय हितं?"

"व्हय."

तिनं चपला काढून बाजूला ठेवल्या आणि जमिनीवर मांडी घातली. पदराची गाठ सोडायला तिला वेळ लागला. मी मदतीला वाकलो तशी तिनं हातानंच नको म्हटलं.

"तुमी फाटकापाशी जावा, अण्णा. मला ह्यांच्यासंगं बोलायचं हाय."

मी गेलो. फाटकाशी उभा राहून लांबून बघत होतो. तिचा हात मातीवर हळूहळू आपटत होता, एखाद्या माणसाला गुडघ्यावर थोपटून काही पटवून द्यावं तसा. उसातून वारा येत होता आणि तिचा एकही शब्द माझ्यापर्यंत पोचत नव्हता. ती काय सांगत होती ते मला माहीत नाही. परत येताना रिक्षात ती झोपून गेली.